पुढचे सर्टिफिकेट कोणते? आधी वही मांडा

कॉम्प्युटर क्षेत्रात नोकरी करणारा तरुण दोन-तीन वर्षांनंतर एका वळणावर येऊन थांबतो. नोकरी लागलेली असते, काम हाताखालचे झालेले असते, पगार मात्र जिथल्या तिथे असतो. मग तो विचारू लागतो की आता पुढे कोणते सर्टिफिकेट करावे? मित्र म्हणतो क्लाऊड कर. इन्स्टिट्यूटवाला म्हणतो सायबर सिक्युरिटी कर. ऑफिसातला साहेब म्हणतो प्रोजेक्ट मॅनेजमेंट कर. घरातील वडीलधारी मंडळी एवढेच विचारतात, 'बेटा, खर्च किती येणार?'

या चौघांपैकी खरा प्रश्न घरच्यांनी विचारलेला असतो. परंतु तो अर्धा असतो. खर्च किती याबरोबरच, हा माल कोण घेणार, किती दिवस टिकणार आणि आपल्या दुकानात तो शोभणार का, हेही विचारावे लागते. आम्ही कापडाच्या धंद्यातली माणसे, कॉम्प्युटरचे तज्ज्ञ नाही. तथापि घरातील दोन मुलांच्या सर्टिफिकेटांचा व्यवहार आमच्या हातून झाला आहे. एकदा तो चुकला, एकदा जमला. त्या दोन्हींतून जे शिकायला मिळाले ते या लेखात क्रमवार मांडत आहोत.

आमची चूक

आमच्या थोरल्या मुलाच्या वेळी एका इन्स्टिट्यूटने पाच सर्टिफिकेटांचे 'पॅकेज' पुढे केले. पाच घेतल्यास सूट, वर नोकरीची हमी. आम्ही रक्कम एकरकमी भरली. मुलाने दोन परीक्षा दिल्या, त्यांपैकी एक पास झाला. तेवढ्यात नोकरी लागली, अभ्यास सुटला आणि उरलेल्या परीक्षांचे व्हाउचर मुदत संपून वाया गेले. व्हाउचरला तारीख असते, हे आम्हांला त्या दिवशी समजले! दोष इन्स्टिट्यूटचा किती आणि आमचा किती, हा वाद घालण्यात अर्थ नाही. दुकानात गिऱ्हाईक न पाहता आम्ही पाच जातींचा माल एकदम कधी भरत नाही. मुलाच्या बाबतीत मात्र तेच केले.

पुढे आमच्या भाच्यावर तशीच वेळ आली. तो पुण्यात एका कंपनीच्या हेल्पडेस्कवर रात्रपाळीत काम करीत होता. त्यालाही असेच पॅकेज कोणी सुचवले होते आणि त्यासाठी आईच्या बांगड्या गहाण ठेवण्याची गोष्ट घरात निघाली होती. तो आमच्याकडे येऊन म्हणाला, "मामू, तुम्ही अब्बांना समजावा, पैसे द्यायला सांगा." आम्ही म्हणालो, "आधी महिनाभर वही मांड, मग अब्बांशी आम्ही बोलतो."

सर्टिफिकेट हा मुदतीचा माल आहे

वही कोणती, ते सांगण्यापूर्वी सर्टिफिकेट म्हणजे काय हे नीट समजून घेतले पाहिजे. कॉलेजची डिग्री एकदा मिळाली की जन्मभराची असते. या क्षेत्रातील बहुतेक सर्टिफिकेटांना मात्र मुदत असते. सिस्कोचे सीसीएनए तीन वर्षे चालते, अॅमेझॉनच्या क्लाऊडचे म्हणजे एडब्ल्यूएसचे तीन वर्षे, मायक्रोसॉफ्टच्या असोसिएट दर्जाचे एकच वर्ष. कुबरनेटीसच्या सीकेए या सर्टिफिकेटाची मुदत पूर्वी तीन वर्षे होती, ती एप्रिल २०२४ पासून दोन वर्षांवर आली.

मुदतीबरोबर फॅशनही बदलते. १९९० च्या दशकात नोव्हेल कंपनीच्या नेटवेअरचे सीएनई सर्टिफिकेट असलेल्या माणसाला मोठा मान होता. पुढे ऑफिसांतून विंडोज एनटी आले आणि नेटवेअरची मागणी ओसरली. त्यानंतर मायक्रोसॉफ्टच्या एमसीएसईचा जमाना आला. त्या एमसीएसईच्या परीक्षाही ३१ जानेवारी २०२१ रोजी बंद झाल्या आणि त्यांच्या जागी क्लाऊडच्या कामांप्रमाणे वेगळी सर्टिफिकेटे आली. सिस्कोनेही फेब्रुवारी २०२० मध्ये सीसीएनएचे अनेक प्रकार मोडून एकच परीक्षा ठेवली.

मग ज्यांनी जुनी सर्टिफिकेटे घेतली, त्यांची मेहनत बुडाली काय? मुळीच नाही. नेटवर्क कसे चालते, नावाचा पत्ता कसा सापडतो, परवानगी कोणाला द्यावी आणि कोणाला नाकारावी, हे ज्यांनी समजून घेतले ते प्रत्येक नव्या जमान्यात पुढे सरकले. ज्यांनी केवळ उत्तरे पाठ केली, त्यांचा कागद जुना झाला आणि त्याबरोबर तेही जुने झाले.

पहिली वही : वर पाठवलेल्या कामांची

जुन्या कापडवाल्यांत एक चांगली रीत असते. गिऱ्हाईकाने मागितलेला माल दुकानात नसला, तर तो परत गेल्यावर त्या मालाचे नाव वहीत टिपून ठेवायचे. महिन्याअखेर ती वही उघडली की पुढची खरेदी कशाची करायची, हे कोणाला विचारावे लागत नाही.

भाच्याला आम्ही तेच करायला सांगितले. त्याच्याकडे रोज तक्रारींची तिकिटे येत. त्याने दोन रकाने आखले. पहिल्यात आपण स्वतः सोडवलेली तिकिटे, दुसऱ्यात वरच्या टीमकडे पाठवावी लागलेली तिकिटे. दुसऱ्या रकान्यात काम काय होते आणि आपण कुठे अडलो, हे एका ओळीत लिहायचे.

महिन्याने चित्र स्पष्ट झाले. पासवर्ड, प्रिंटर, ई-मेल ही कामे पहिल्या रकान्यात होती. दुसऱ्या रकान्यात बहुतेक कामे नेटवर्कची निघाली : स्विचचे पोर्ट, व्हीलॅन, व्हीपीएन, डीएनएस. काही थोडी क्लाऊडची होती. इन्स्टिट्यूटच्या पॅकेजमध्ये सर्वांत महाग जे सायबर सिक्युरिटीचे सर्टिफिकेट होते, त्याच्याशी संबंधित काम महिनाभरात एकदाही त्याच्या हाताखालून गेले नव्हते.

यातून नियम निघतो तो असा : जे काम रोज तुमच्या टेबलावर येते, परंतु वर पाठवावे लागते, त्याच कामाचे सर्टिफिकेट पुढचे. जे तुम्ही आधीच करता त्याचे सर्टिफिकेट घेऊन नवे काही हाती येत नाही. जे तुमच्याकडे कधी येतच नाही, त्याचे घेतले तर सरावाअभावी विसरून जाते.

दुसरी वही : बाजाराची

पहिली वही आपल्याविषयी सांगते, दुसरी बाजाराविषयी. आपल्याला दोन वर्षांनी जी नोकरी हवी आहे, तिच्या तीस-चाळीस जाहिराती काढाव्यात. मुंबई, पुणे, जिथे राहण्याची तयारी असेल तिथल्याच घ्याव्यात. प्रत्येक जाहिरातीतील तीन गोष्टी लिहून काढाव्यात : कोणते सर्टिफिकेट मागितले आहे, ते आवश्यक म्हटले आहे की असल्यास प्राधान्य, आणि अनुभव किती वर्षांचा हवा. शेवटचा रकाना लोक विसरतात. पाच वर्षांचा अनुभव मागणाऱ्या जाहिरातीतील सर्टिफिकेट दोन वर्षे अनुभवाच्या माणसाने घेतले, तरी ते दार त्याच्यासाठी उघडत नाही.

तिसरी चौकशी आपल्याच कंपनीत करावी. मायक्रोसॉफ्ट, सिस्को, अॅमेझॉन या कंपन्या आपल्या भागीदार कंपन्यांना दर्जा देतात आणि वरच्या दर्जासाठी त्या भागीदाराकडे सर्टिफिकेटवाली माणसे ठराविक संख्येने असावी लागतात. तुमची कंपनी अशी भागीदार असेल, तर तिला कोणत्या सर्टिफिकेटाची माणसे कमी पडतात, हे साहेबाला विचारावे. पुष्कळदा त्या परीक्षेची फी कंपनीच भरते. मात्र फीच्या बदल्यात किती महिने नोकरी न सोडण्याची अट आहे, ते सही करण्यापूर्वी वाचावे.

कोणत्या कामाला कोणती परीक्षा

दोन्ही वह्या तयार झाल्या की पुढील यादी उपयोगी पडेल.

१) नेटवर्क : सीसीएनए. परीक्षा १२० मिनिटांची. आयपीची जोडणी म्हणजे राउटिंग या भागाला २५ टक्के वजन, मूलतत्त्वांना २० टक्के, स्विचिंगच्या भागाला २० टक्के, सुरक्षेला १५ टक्के, उरलेल्या दोन भागांना १०-१० टक्के. सरावासाठी सिस्कोचे पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर मोफत मिळते.

२) लिनक्स : रेड हॅटचे आरएचसीएसए. यात पर्याय निवडण्याचे प्रश्न नसतात. चालू मशीनवर काम करून दाखवावे लागते. म्हणून जाणकार मंडळी याला मान देतात. सरावासाठी रॉकी लिनक्स किंवा अल्मा लिनक्स जुन्या कॉम्प्युटरवर फुकट टाकता येते. पुढची पायरी आरएचसीई; त्यात आता अॅन्सिबलने कामे आपोआप करवून घेण्यावर भर आहे.

३) क्लाऊड : अॅमेझॉन किंवा मायक्रोसॉफ्ट अॅझ्युअर. अॅमेझॉनची सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट ही परीक्षा ६५ प्रश्नांची, १३० मिनिटांची. अॅझ्युअरमध्ये एझेड-९०० हे मूलभूत, तर एझेड-१०४ हे व्यवस्थापकाचे काम करणाऱ्यांसाठी. ही दोन्ही क्लाऊड दूरची राहिलेली नाहीत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे आणि अॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबई येथे आपली डेटा सेंटरे सुरू केली. सरावासाठी खाते उघडताना कार्डाचा नंबर द्यावा लागतो. म्हणून पहिल्याच दिवशी खर्चाचा इशारा लावून घ्यावा आणि काम झाल्यावर मशीन बंद करावे. चालू राहिलेल्या मशीनचे बिल महिनाअखेर येतेच.

४) सुरक्षा : सुरुवातीला कॉम्पटियाचे सिक्युरिटी प्लस. सीआयएसएसपी हे मोठे नाव आहे, परंतु त्यासाठी आठ विषयांपैकी किमान दोन विषयांत मिळून पाच वर्षांचा पगारी अनुभव लागतो. डिग्रीमुळे त्यात एक वर्षाची सवलत मिळते. अनुभव नसताना पास झालेल्याला असोसिएट म्हणतात, सीआयएसएसपी नव्हे. आणि अनुभव पूर्ण करायला त्याला सहा वर्षे मिळतात. पॅकेज विकणारे हे सांगत नाहीत.

५) ऑडिट : वाणिज्य शाखेच्या तरुणांनी सीआयएसए या सर्टिफिकेटाकडे लक्ष द्यावे. हे १९७८ पासून चालत आले आहे आणि बँकांच्या संगणकीय तपासणीच्या कामात त्याला किंमत आहे. यालाही पाच वर्षांचा अनुभव लागतो. शिक्षणाच्या व इतर अनुभवाच्या आधारे त्यात काही वर्षांची सूट मिळू शकते.

६) प्रोजेक्ट मॅनेजमेंट : पीएमपी. प्रत्यक्ष प्रकल्प चालवल्याचा महिन्यांत मोजलेला अनुभव आणि ३५ तासांचे प्रशिक्षण दाखवावे लागते. माणसे हाताखाली नसताना हे घेण्याची घाई करू नये.

जे मुले प्रोग्रॅम लिहिण्याच्या कामात आहेत, त्यांनी मात्र सर्टिफिकेटावर फार भिस्त ठेवू नये. त्यांच्या मुलाखतीत कोड लिहून घेतात. तिथे केलेले काम बोलते. एमएस-सीआयटी हाही या यादीतला विषय नाही. २००१ मध्ये सुरू झालेला तो अभ्यासक्रम संगणक साक्षरतेचा आहे आणि त्याचा उपयोग त्याच्या जागी आहे.

खर्चाचा पूर्ण हिशेब

फी म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. सीसीएनएची फी ३०० डॉलर, अॅमेझॉनच्या असोसिएट परीक्षेची १५० डॉलर, कर वेगळा. त्यात चार गोष्टी मिळवाव्यात. पहिली, नापास झाल्यास दुसऱ्यांदा भरावी लागणारी फी. दुसरी, पुस्तके व सराव. तिसरी, मुदत संपल्यावर नूतनीकरणाचा खर्च. चौथी, अभ्यासात जाणारे महिने, ज्यांत ओव्हरटाइम सुटतो.

नूतनीकरणाच्या रीती वेगवेगळ्या आहेत. मायक्रोसॉफ्टचे असोसिएट सर्टिफिकेट वर्षभरच चालते, परंतु मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत घरबसल्या मोफत परीक्षा देऊन ते वाढवता येते. सीसीएनए पुन्हा परीक्षा देऊन किंवा शिक्षणाचे ३० गुण जमवून चालू ठेवता येते. पीएमपीला तीन वर्षांत असे ६० गुण लागतात. अॅमेझॉनची एक परीक्षा पास झाल्यावर पुढच्या परीक्षेसाठी निम्म्या फीची सवलत मिळते. ती वापरायची तर तिचीही तारीख वहीत लिहून ठेवावी.

नापास झाल्यास किती दिवस थांबावे लागते, हेही ठाऊक असावे. सिस्कोत पाच दिवस, अॅमेझॉनमध्ये चौदा दिवस. मायक्रोसॉफ्टमध्ये पहिल्या वेळी चोवीस तास, त्यानंतर चौदा दिवस.

भाषा आणि नाव

मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना या परीक्षांच्या इंग्रजीची धास्ती असते. आमचेही शालेय शिक्षण उर्दूतून झाले. ही धास्ती आम्ही जाणतो. प्रश्न लांबलचक असतात आणि एका शब्दाने उत्तर फिरते. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे त्या कंपनीची मूळ इंग्रजी कागदपत्रे रोज दोन पाने वाचणे. दुसरा असा की ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना अॅमेझॉन तीस मिनिटे जादा देते. परंतु ही सवलत परीक्षेची तारीख घेण्यापूर्वी मागावी लागते. नंतर मागून त्या परीक्षेला मिळत नाही. मायक्रोसॉफ्टकडेही आपल्या भाषेत परीक्षा नसल्यास जादा वेळ मागता येतो. अनेक मुले ही सवलत माहीत नसल्यामुळेच गमावतात.

दुसरी बाब नावाची. परीक्षेच्या नोंदणीतले नाव आणि ओळखपत्रावरचे नाव इंग्रजी अक्षरान् अक्षर जुळले पाहिजे. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे आणि पासपोर्टवर तिसरे, असा प्रकार घरोघरी आहे. मोहम्मद हे नावच किती प्रकारे लिहितात! नाव जुळले नाही तर केंद्रावरून परत पाठवतात आणि फी बुडते. पासपोर्ट असेल तर नोंदणी त्याच्यावरील नावाप्रमाणेच करावी.

चोरीचा माल नको

बाजारात 'डम्प' या नावाने परीक्षेतले प्रश्न विकले जातात. 'सगळेच घेतात' असे सांगितले जाते. हा चोरीचा माल आहे. परीक्षेच्या आधी प्रश्न बाहेर न देण्याचा करार तुम्ही मान्य केलेला असतो. पकडले गेल्यास निकाल रद्द होतो, मिळालेले सर्टिफिकेट काढून घेतले जाते आणि पुढच्या परीक्षांना बंदी होऊ शकते. आणि पकडले गेला नाहीत तरी मुलाखतीत पाच मिनिटांत उघडे पडता. तागा उलगडल्यावर आतला माल लपत नाही. सर्टिफिकेट खरे आहे की खोटे, हे तर आता नोकरी देणारा दोन मिनिटांत संगणकावर पडताळून पाहतो.

वहीचा निकाल

भाच्याने पॅकेज घेतले नाही. बांगड्या घरातच राहिल्या. दोन्ही वह्यांतून सीसीएनएचे नाव निघाले, म्हणून त्याने तेवढे एकच धरले. पाळीवर जाण्यापूर्वी रोज दीड तास, सुटीच्या दिवशी चार तास, असा पाच महिने अभ्यास केला. पहिल्या वेळी तो नापास झाला. घरात पुन्हा बोलणी सुरू झाली आणि खरे सांगायचे तर आम्हीही मनातून हललो. परंतु सिस्कोच्या निकालपत्रावर विभागवार टक्के असतात. तो कागद घेऊन तो आमच्यासमोर बसला आणि म्हणाला, "मामू, दोनच ठिकाणी मार खाल्ला." सबनेटिंगचे हिशेब त्याला येत होते, पण वेळेत होत नव्हते, आणि ऑटोमेशनचा भाग त्याने अवघा दहा टक्क्यांचा म्हणून सोडून दिला होता. पाच दिवसांनी परीक्षा देता येत होती, तरी तो सहा आठवडे थांबला. रोज वीस सबनेट हाताने काढले. दुसऱ्या वेळी पास झाला.

पगार त्या महिन्यात वाढला नाही. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण लोक पास झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पगारवाढीची वाट पाहतात. कंपनीने त्याला नेटवर्कच्या टीममध्ये त्याच पगारावर घेतले. जी तिकिटे तो पूर्वी वर पाठवीत होता, ती आता त्याच्याकडे येऊ लागली. वर्षभराच्या त्या अनुभवानंतर दुसऱ्या कंपनीत मुलाखत दिली, तेव्हा पगार वाढला. सर्टिफिकेटाने मुलाखतीपर्यंत नेले. नोकरी हातच्या कामाने दिली. आता त्याने तीच वही पुन्हा सुरू केली आहे आणि या वेळी दुसऱ्या रकान्यात क्लाऊडची कामे वाढत आहेत. पुढची परीक्षा कोणती, हे त्याने आम्हांला विचारलेले नाही. त्याची गरजही उरलेली नाही.

स्वाध्याय

पैसे भरण्यापूर्वी पुढील सहा प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत आणि घरातील वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावीत.

१) गेल्या महिन्यात कोणती कामे मला वर पाठवावी लागली?
२) मला हवी असलेल्या नोकरीच्या तीस जाहिरातींत हे सर्टिफिकेट किती वेळा आले आणि अनुभव किती मागितला?
३) त्या सर्टिफिकेटासाठी लागणारा अनुभव आज माझ्याकडे आहे काय?
४) दोन वेळची फी, सराव आणि नूतनीकरण धरून एकूण रक्कम किती? कंपनी त्यातले किती देईल?
५) व्हाउचरची, सवलतीची आणि सर्टिफिकेटाची मुदत कोणत्या तारखेस संपते?
६) पास झाल्यानंतरच्या तीन महिन्यांत हे काम मला प्रत्यक्ष कुठे करायला मिळेल?

सहाव्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर पैसे अजून खिशात ठेवावेत आणि महिनाभर वही मांडावी. उत्तर असेल, तर एकच सर्टिफिकेट निवडून कामाला लागावे. पाचांचे पॅकेज स्वस्त पडते असे कोणी सांगेल. त्याला सांगावे की न उठणारा माल कोणत्याही भावात महागच असतो.